रात्रीचा नासारोध आणि नाकात बसवावयाचे विस्फारक

दिवसा मोकळे असणारे नाक रात्री अंथरुणाला पाठ टेकताच चोंदते, ही तक्रार अतिशय सामान्य आहे. ती इतकी सामान्य आहे की तिची चिकित्सा बहुधा रुग्ण स्वतःच करीत असतो. कोणी उशी उंच करून घेतो, कोणी नाकाला मलम चोळतो, तर कोणी नाकात औषधाचे थेंब घालतो. आणि हे थेंब पुढे वर्षानुवर्षे सुटत नाहीत. गेल्या काही दशकांत या उपायांत आणखी एकाची भर पडली आहे. निजण्यापूर्वी नाकपुड्यांत बसवावयाचे व सकाळी काढून ठेवावयाचे हे प्लास्टिकचे किंवा सिलिकोनचे लहानसे साधन असून ते नाकाचा पुढील भाग आतून रुंद करून धरते. प्रस्तुत लेखात त्यास ‘नासाविस्फारक’ ही संज्ञा योजिली आहे. अशी साधने वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकत मिळतात. यास्तव ती केव्हा उपयोगी पडतात, केव्हा पडत नाहीत, आणि केव्हा त्यांच्या वापराने खरा रोग झाकला जाण्याची भीती असते, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. नासाझडप

श्वसनमार्गात हवेच्या प्रवाहास एकंदर जो रोध होतो, त्यापैकी निम्म्याहून अधिक रोध एकट्या नाकात होतो. हा रोध नासागुहेत सर्वत्र सारखा वाटला गेलेला नसतो. त्याचा मोठा भाग नाकपुडीच्या तोंडापासून जेमतेम दीड सेंटिमीटर आत असलेल्या एका अरुंद जागी एकवटलेला असतो. १९०३ साली पी. जे. मिंक या डच वैद्याने या जागेस ‘नासाझडप’ हे नाव दिले. मध्यभागी नाकाचा पडदा, बाहेरच्या बाजूस वरची पार्श्व कूर्चा, आणि खालच्या बाजूस अधःस्थ शुक्तिकेचे, म्हणजे शिंपल्यासारख्या वळलेल्या खालच्या हाडाचे, पुढील टोक अशा या झडपेच्या सीमा आहेत. कूर्चा आणि पडदा यांमधील कोन युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १० ते १५ अंशांचा असतो. रुंद नाकाच्या लोकांत तो यापेक्षा मोठा असतो. निरोगी प्रौढात प्रत्येक बाजूच्या या फटीचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा ते पाऊण चौरस सेंटिमीटर भरते.

एवढ्या लहान जागेस एवढे महत्त्व का, हे साध्या गणिताने ध्यानात येते. वर्तुळाकार नळीतून स्तरीय प्रवाह वाहत असता रोध हा त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा प्वाझय याचा नियम सर्वपरिचित आहे. त्यानुसार त्रिज्या एक दशांशाने वाढली तर रोध मूळच्या सुमारे ६८ टक्के उरतो. नासाझडप ही नळीपेक्षा फटीसारखी आहे, आणि फटीच्या बाबतीत रोध रुंदीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तरीही रुंदीत एक दशांश वाढ झाल्यास रोध सुमारे चतुर्थांशाने घटतो. प्रत्यक्षात नाकातील प्रवाह पूर्णतः स्तरीय नसतो. वेग वाढताच तो संक्षुब्ध होऊ लागतो. म्हणूनच १९१५ साली रोररने मांडलेल्या समीकरणात दाबातील फरकाचे एक पद प्रवाहाशी आणि दुसरे पद प्रवाहाच्या वर्गाशी निगडित आहे. तथापि निष्कर्ष तोच राहतो : मिलिमीटरच्या अल्पांशाने होणारा बदलही येथे श्वासाला जाणवण्याइतका मोठा असतो.

झडपेचा दुसरा विशेष असा की तिची बाहेरची भिंत लवचिक आहे. श्वास आत घेताना अरुंद जागी हवेचा वेग वाढतो व तेथील दाब उतरतो. त्यामुळे बाहेरची भिंत आत ओढली जाते. नाकपुड्या फुलविणारे लहान स्नायू आणि कूर्चेचा स्वाभाविक ताठपणा या ओढीस विरोध करतात. कूर्चा दुबळी असली, वार्धक्याने शिथिल झाली असली, पूर्वीच्या शस्त्रक्रियेत कापली गेली असली किंवा चेहऱ्याच्या चेतातंतूस पक्षाघात झालेला असला, म्हणजे भिंत आत कोसळते. असा रुग्ण जितक्या जोराने श्वास ओढील तितकी त्याची वाट अधिक बंद होते.

२. रात्रीच असे का होते ?

उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षणामुळे डोक्यातील नीलांमधील दाब कमी असतो. आडवे होताच तो वाढतो आणि शुक्तिकांवरील श्लेष्मकलेतील रक्तकोशिका भरून फुगतात. कुशीवर निजल्यास खालच्या बाजूची नाकपुडी बंद होते, हाही अनुभव सर्वांस आहे. यात केवळ रक्ताच्या उताराचा भाग नसतो. काखेवर व कुशीवर पडणारा दाब प्रतिक्षेपी क्रियेने त्या बाजूची श्लेष्मकला फुगवितो व विरुद्ध बाजूची आक्रसवितो. योगी लोक काखेखाली घेऊन बसतात तो योगदंड याच प्रतिक्षेपाचा उपयोग करतो.

याखेरीज नासाचक्राचा विचार करावा लागतो. १८९५ साली कायझर या जर्मन वैद्याने नोंदविल्याप्रमाणे दोन्ही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आलटून पालटून मोकळ्या व बंद होत असतात. आपल्याकडील स्वरशास्त्रात चंद्रस्वर व सूर्यस्वर या नावांनी हीच घटना फार पूर्वीपासून ओळखली गेली होती. तिचे फलज्योतिष सोडून दिले तरी निरीक्षण अचूक आहे. निरोगी माणसास हे चक्र जाणवत नाही, कारण दोन्ही बाजू समांतर जोडलेल्या असून एकीचा रोध वाढतो तेव्हा दुसरीचा घटतो व एकंदर रोध जवळजवळ स्थिर राहतो.

जेथे एक बाजू कायमची अरुंद आहे तेथे मात्र चित्र पालटते. उदाहरणादाखल असे कल्पू की पडदा वाकडा असल्याने उजव्या बाजूचा रोध नेहमी ८ एकके आहे, आणि निरोगी डाव्या बाजूचा रोध मोकळेपणी २ एकके असतो. समांतर मार्गांच्या नियमाने एकंदर रोध १·६ एकके होईल. रात्री नासाचक्राच्या फेऱ्यात आणि निजण्याच्या कुशीमुळे डावी बाजू फुगून तिचा रोधही ८ झाला, तर एकंदर रोध ४, म्हणजे अडीचपट होतो. रुग्ण जागा होतो आणि तक्रार करतो ती डाव्या, म्हणजे निरोगी बाजूची. कारण उजवी बाजू बंद असण्याची त्यास जन्मापासून सवय झालेली असते. तपासणाऱ्याने केवळ तक्रारीकडे पाहिले तर तो भलत्याच बाजूस दोष शोधील.

अधिहर्षतेचे रुग्ण हा तिसरा मोठा वर्ग होय. गादी व उशी यांत वाढणारे धूलिकीटक रात्रभर त्यांच्या नाकाशीच असतात. शिवाय रात्री शरीरातील कॉर्टिसॉलचे प्रमाण खालावलेले असते, म्हणून त्यांच्या शिंका व चोंदलेपण पहाटे अधिक तीव्र होते.

नाक बंद झाल्यास तोंडाने श्वास घेता येतो, मग बिघडले कोठे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तोंडातून घेतलेली हवा पुरेशी गाळली, तापविली व ओलावली जात नाही, एवढेच त्याचे उत्तर नव्हे. जबडा उघडला की जीभ व मृदू तालू मागे सरकतात आणि घशाची वाट अरुंद होते. २००३ साली कॅनडातील किंग्स्टन येथील संशोधकांनी निरोगी व्यक्तींवर केलेल्या मापनात असे आढळले की, झोपेत तोंडाने श्वास घेताना ऊर्ध्व श्वसनमार्गातील रोध नाकाने श्वास घेतानाच्या दुपटीहून अधिक होतो. जागेपणी असा फरक दिसला नाही. झोपेतील मुखश्वसन हा नाकास समतोल असा पर्याय नाही, हे यावरून स्पष्ट होते.

३. साधनांचा पूर्वेतिहास व प्रकार

नाकपुडी आतून उघडी धरण्याची कल्पना अर्वाचीन नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेल्या नाकाची नव्या त्वचेने पुनर्रचना केल्यावर त्यात दोन नळ्या बसवून नाक उंच धरावे, असे सांगितले आहे. या परंपरेचे पुण्याजवळील उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नामक गाडीवानावर पुण्याजवळच्या एका मराठी विटा घडविणाऱ्या कारागिराने कपाळावरील त्वचेने नवे नाक बसविले. या क्रियेचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालतात, असे त्या वृत्तांतात नमूद आहे. त्या कारागिरास कूर्चा, झडप ही नावे ठाऊक नव्हती. नव्या नाकाची भिंत आत कोसळते ही गोष्ट मात्र त्यास पुरती ठाऊक होती.

अर्वाचीन काळात १९८० नंतरच्या दशकात स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील ब्यर्न पेट्रूसन यांनी ‘नोझोव्हेंट’ हे साधन प्रचारात आणले. ही प्लास्टिकची एक लवचिक दांडी असून तिच्या दोन्ही टोकांस चपटे पाकळ्यांसारखे भाग असतात. दांडी वाकवून टोके दोन्ही नाकपुड्यांत घातली की ती सरळ होऊ पाहते आणि पाकळ्या बाहेरच्या भिंती बाजूस ढकलतात. पुढे निघालेल्या साधनांत प्रत्येक नाकपुडीसाठी जाळीदार शंकू किंवा कडी असून ती मधल्या पुलाने जोडलेली असतात; काहींत विस्ताराचे प्रमाण कमीअधिक करण्याची सोयही असते. १९९० नंतर अमेरिकेत निघालेली नाकावर चिकटवावयाची पट्टी हेच कार्य बाहेरून करते. तिच्यातील स्प्रिंगसारख्या चिपा त्वचेस, व त्वचेबरोबर खालच्या भिंतीस, बाहेर ओढतात.

बाह्यतः यांसारखीच दिसणारी काही साधने तत्त्वतः निराळी आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये. नाकपुड्यांवर चिकटवावयाची एकमार्गी झडपांची साधने उच्छ्वासास मुद्दाम रोध करून घशात धन दाब निर्माण करतात. ती नाक रुंद करीत नाहीत. मृदू तालूच्या मागे पोहोचणारी लांब नळी नाकाचा नव्हे तर घशाचा मार्ग उघडा धरते. पडद्यास नुसते चिमटीत धरणाऱ्या कड्यांमुळे झडपेची फट वाढण्याचे यांत्रिक कारण दिसत नाही.

४. उपयोग कोठवर ?

झडपेच्या जागी अरुंदपणा किंवा भिंतीचे कोसळणे हे कारण असेल, तर विस्फारकाने नाकातील प्रवाह वाढतो, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. नासादाबमापनाने, म्हणजे सामान्यतः १५० पास्कल दाबफरकास किती हवा वाहते हे मोजून, ते वारंवार दाखविले गेले आहे. घोरण्याच्या बाबतीत निष्कर्ष संमिश्र आहेत. ज्यांचे घोरणे नाकाच्या रोधाने वाढते त्यांना काहीसा लाभ होतो. ज्यांचे घोरणे जिभेच्या मुळाशी किंवा शिथिल तालूशी निगडित आहे त्यांना तो होत नाही.

निद्रा-श्वासरोधाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. या विकारात झोपेत घसा वारंवार मिटतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि रुग्ण क्षणभर जागा होऊन पुन्हा झोपी जातो. तासाला अशा ५ पेक्षा कमी घटना प्रौढात सामान्य समजतात; ३० किंवा अधिक असल्यास विकार तीव्र मानतात. घसा ही मिटू शकणारी नळी आहे असे मानले, तर नाकातील रोध वाढल्याने श्वास घेताना घशातील ऋण दाब वाढतो आणि नळी मिटण्यास मदत होते. यावरून नाक मोकळे केल्यास श्वासरोध घटावा अशी अपेक्षा होती. १९९२ साली गोथेनबर्गच्या संशोधकांनी अल्पसंख्य रुग्णांत तसा लाभ दिसल्याचे प्रसिद्ध केले. परंतु २००० साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोझोव्हेंट वापरणाऱ्या रुग्णांच्या श्वासरोधात सुधारणा आढळली नाही. २०१६ साली उपलब्ध अभ्यासांचे एकत्र परीक्षण झाले, त्याचाही निष्कर्ष असाच निघाला की नासाविस्फारक हा निद्रा-श्वासरोधावरील उपचार ठरत नाही. याचे कारण उघड आहे. घसा कितपत सहज मिटतो हे त्याच्या स्वतःच्या रचनेवर व स्नायूंच्या ताणावर अवलंबून असते; नाकाचा रोध हे अनेक घटकांपैकी एक आहे. १९८१ साली सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत धन दाब देण्याची जी पद्धती मांडली, ती यशस्वी झाली याचे कारण तीत घसा हवेच्या दाबानेच उघडा धरला जातो.

येथेच खरा धोका आहे. विस्फारकाने आवाज कमी झाला की शेजारी निजणारा समाधान पावतो व रुग्णही निश्चिंत होतो. श्वासरोध मात्र तसाच चालू राहू शकतो. तेव्हा मोठ्याने घोरणाऱ्या माणसाचा श्वास मध्येच थांबताना कोणी पाहिले असेल, तो गुदमरून जागा होत असेल, दिवसा त्यास अनावर झोप येत असेल किंवा त्याचा रक्तदाब आवरत नसेल, तर निद्रापरीक्षणावाचून त्यास केवळ विस्फारक देणे चूक होय. विशेषतः रात्री लांबच्या पल्ल्याच्या गाड्या चालविणाऱ्यांच्या बाबतीत ही चूक त्यांच्यापुरती मर्यादित राहत नाही.

५. थेंब आणि विस्फारक

झायलोमेटाझोलिन व ऑक्सिमेटाझोलिन ही औषधे श्लेष्मकलेतील रक्तवाहिन्या आक्रसवून काही मिनिटांत नाक मोकळे करतात. परंतु ती पाच-सात दिवसांपेक्षा अधिक घेतली, तर औषधाचा अंमल उतरताच श्लेष्मकला पूर्वीपेक्षा अधिक फुगते. रुग्ण पुन्हा थेंब घालतो आणि हे चक्र तुटत नाही. रात्रीच्या नासारोधाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकास थेंबांविषयी स्पष्ट विचारले पाहिजे, कारण तो ते औषध मानीतच नाही. थेंब सोडविताना स्टेरॉइडचा फवारा व मिठाचे पाणी यांच्या जोडीला विस्फारकाचा काही दिवस आधार घेता येतो. झडपेपाशी थोडी जास्त जागा मिळाल्याने पहिल्या काही रात्री सुसह्य होतात. मात्र फुगलेली श्लेष्मकला झडपेच्या बरीच मागे असेल तर हा आधार तोकडा पडतो. नासापुंज, मोठ्या झालेल्या शुक्तिका, पडद्याचा मागील भागातील वाकडेपणा, मुलांत वाढलेली नासाग्रसनीतील ग्रंथी, यांपैकी कशापर्यंतही विस्फारक पोहोचत नाही.

साधनाचे स्वतःचे उपद्रवही ध्यानात घ्यावेत. केशवाहिन्यांतील दाब सुमारे ३० मिमी. पारा एवढाच असतो. साधनाचा दाब त्याहून अधिक व दीर्घ काळ पडल्यास त्या जागी व्रण पडतो. खपल्या धरणे, घोळणा फुटणे, भिंत दुखणे हे अनुभव असामान्य नाहीत. रोज न धुतलेले साधन संसर्गास आमंत्रण देते. लहान मुलांस तर ते सुटून श्वासमार्गात जाण्याच्या भीतीने देऊच नये.

६. संशोधनातील अडचणी

या विषयावरील अभ्यास परस्परविरोधी का निघतात, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. पहिली अडचण अशी की नाक मोकळे वाटणे आणि नाक मोकळे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेंथॉल हुंगल्यावर नाक एकदम मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु मापन केले असता रोध बदललेला नसतो. मेंथॉल केवळ थंडावा जाणणाऱ्या चेतातंतूंना चेतविते. तेव्हा रुग्णाच्या सांगण्यावर आधारलेली गुणपद्धती आणि दाबमापन ही दोन्ही घ्यावी लागतात व त्यांतील तफावतही नोंदवावी लागते.

दुसरी अडचण तुलनेची आहे. गोळीच्या परीक्षेत पिठाची गोळी देता येते. येथे निष्क्रिय साधनही नाकात जाणवते आणि काय वापरले आहे हे रुग्ण ओळखतो.

तिसरी अडचण वेळेची आहे. वरील काल्पनिक उदाहरणात उजव्या बाजूचा दोष झडपेपाशी आहे आणि विस्फारकाने तिचा रोध ८ वरून ४ वर आला, असे समजू. दिवसा डावी बाजू मोकळी असता एकंदर रोध १·६ वरून १·३३ होईल, म्हणजे लाभ केवळ एक षष्ठांश. रात्री डावी बाजू फुगलेली असता तोच रोध ४ वरून २·६७ होईल, म्हणजे लाभ एक तृतीयांश. दुपारी खुर्चीवर बसवून केलेले मापन रात्रीचा लाभ निम्म्याने कमी दाखवील. निजलेल्या स्थितीत, नासाचक्राची अवस्था नोंदवून आणि शक्य तर रात्रीच केलेली मापने म्हणूनच अधिक मोलाची ठरतात.

७. समारोप

उपचार ठरविण्यापूर्वी अरुंदपणा कोठे आहे हे शोधणे, हा या सर्व विवेचनाचा इत्यर्थ होय. त्यासाठी प्रथम साधी परीक्षा पुरते. मॉरिस कॉटल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेत गाल बाहेर ओढून श्वास घ्यावयास सांगतात; त्याहून नेमकेपणाने, बारीक सळईने झडपेची भिंत आतून किंचित उचलून श्वास घ्यावयास लावतात. श्वास तत्काळ सुधारला तर दोष झडपेचा असून विस्फारक आजमावून पाहण्यास योग्य आहे. त्याने लाभ झाल्यास पुढे कूर्चेला आधार देणारी शस्त्रक्रिया उपयोगी पडण्याचा संभवही वाढतो. म्हणजे हे साधन निदानाचेही काम करते. श्वास सुधारला नाही, तर शोध श्लेष्मकलेत, पडद्यात किंवा त्याही मागे घेतला पाहिजे. घशातील श्वासरोधाची शंका असेल, तर नाक कितीही मोकळे केले तरी निद्रापरीक्षण टाळता कामा नये. या मर्यादेत वापरल्यास हे स्वल्प किमतीचे साधन अनेकांची झोप सुधारील. मर्यादा सोडून वापरल्यास ते केवळ घोरण्याचा आवाज थांबवील आणि रोग तसाच ठेवील.